‘मूळ नाव’ छापताना शतक आणि दप्तरही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्याचा स्थापनादिन, जवळ आला की सीमाभागातल्या वृत्तपत्रांत आणि फोनवर गावांच्या ‘मूळ नावां’चे तक्ते फिरू लागतात. डावीकडे आजचे नाव, उजवीकडे ‘मूळ’ नाव. बेळगाव म्हणजे वेणुग्राम, विजापूर म्हणजे विजयपूर, सौंदत्ती म्हणजे सुगंधवर्ती. ही नावे खोटी नाहीत. पण नाव कोणत्या शतकातले, कोणत्या भाषेतले, कोणत्या दगडावर किंवा दप्तरात सापडते, हे सांगणारा तिसरा रकाना त्या तक्त्यात नसतो. तो नसला की वाचायला गंमत वाटते, पण वारसाचा, जमिनीचा किंवा आजोबांच्या शाळेचा कागद शोधायला निघालेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. बऱ्याचदा तो त्यामुळे चुकीच्या दप्तरापाशी जाऊन बसतो. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी बेळगावच घेऊ. किल्ल्यातली कमल बसदी हे जैन मंदिर सर्वांना माहीत आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात त्याचा मंत्री बिचिराज याने ते बांधले, त्याच्या दानाचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत गावाचे नाव वेणुग्राम असे आहे. लेखांचे वर्ष शके ११२७, रक्ताक्षी संवत्सर. शकात ७८ मिळवून इसवी सन काढायची आपली सवय, त्या हिशेबाने १२०५ येते आणि पुष्कळ लेखांत तसे छापूनही येते. ते चूक आहे. जुन्या लेखांत कधी ‘गत’ शक (पुरी झालेली वर्षे) मोजतात, कधी ‘वर्तमान’ (चालू वर्ष धरून), आणि दोन्हींत एका वर्षाचा फरक पडतो. पडताळा संवत्सराने घ्यायचा. आपल्याकडचे संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे. रक्ताक्षी संवत्सर १९८४ साली आले होते. त्यातून साठाची तेरा चक्रे, म्हणजे ७८० वर्षे मागे गेलो की १२०४ मिळते. म्हणून लेख १२०४ चा. कोणत्याही शिलालेखाची तारीख छापण्याआधी हा हिशेब दोन मिनिटांत होतो आणि तो करायलाच हवा.

त्याच काळातल्या लेखांत ‘वेणुग्राम’ बरोबर ‘वेलुग्राम’ हेही रूप येते. सत्तर हा आकडा जोडलेला प्रदेशही त्यांत आहे, वेणुग्राम-७०. असे आकडे कुंडी-३०००, पलसिगे-१२००० या नावांनाही लागलेले दिसतात. हा आकडा त्या प्रशासकीय विभागाच्या नावाचाच भाग आहे, लोकसंख्या नव्हे. ‘तीन हजार लोकवस्तीचे कुंडी’ असे छापून येते तेव्हा ते सरळ चूक असते.

वेणू आणि वेळू, दोन्हींचा अर्थ बांबू. पुढे आद्य ‘व’ चा ‘ब’ झाला, कन्नडात तो नेहमीच होतो (वन चे बन, वीर चे बीर). ‘ग्राम’ शब्दाचे मात्र दोन वाटांनी रूपांतर झाले. मराठीत ग्राम, गाम, गांव, गाव. कन्नड मुलखात ग्राम, गामे, गावे, गावि. शिमोगा जिल्ह्यातले बळ्ळिगावी, खानापूर-कित्तूर भागातले देगावे ही याच वळणाची नावे. म्हणजे ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ या दोन्हींचा शेवट एकाच शब्दातून आलेला आहे. एक खरे, दुसरे बनावट असे म्हणायला भाषेचा आधार नाही. कन्नड भाषिक २०१४ च्या सरकारी नावबदलाच्या कितीतरी आधीपासून ‘बेळगावि’ म्हणत होते, आणि मराठी माणूस ‘बेळगाव’ म्हणतो ते कोणाच्या आदेशाने बदलत नाही, बदलायचे कारणही नाही. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी जो ‘एम’ होता तोही आपल्याच ‘गांव’ मधल्या अनुस्वाराचा होता. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर अनुस्वार गेला, ‘बेळगांव’ चे ‘बेळगाव’ झाले, आणि इंग्रजीतला ‘एम’ मात्र आणखी पन्नास वर्षे पाटीवर राहिला.

इथे एक मोठा खड्डा आहे, त्यात जाणकारही पडतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी संशोधकांनी शिकारीपूर तालुक्यातल्या त्या बळ्ळिगावीचे नाव ‘बेलगामी’ असे लिहिले आहे. तिथे केदारेश्वराचे मंदिर आहे, चालुक्यकाळातले भरपूर शिलालेख आहेत. जुन्या खंडांत ‘बेलगामीचा शिलालेख’ दिसला की तो आपल्या बेळगावचा समजून आपल्या गावाचा इतिहास दोनशे वर्षे मागे ढकलला जातो. लेखात तालुका शिकारीपूर आहे की नाही, एवढे पाहिले तरी चूक टळते.

मोगल-मराठा काळातले बेळगावचे नाव आझमनगर. ते आज शहरातल्या वस्तीच्या नावात टिकून आहे. जुन्या नाण्यांचा नाद असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ‘आझमनगर’ छाप दिसली म्हणजे नाणे बेळगावचेच असे नाही. ‘आझमनगर गोकाक’ अशी छाप असलेले मराठेशाहीतले रुपयेही आहेत. छाप नाण्याच्या कडेबाहेर गेली की पुढचा शब्द दिसत नाही आणि गोकाकचा रुपया बेळगावच्या नावावर जातो.

आता ज्या गोष्टीमुळे आपल्या भागातली निम्मी जुनी नावे उलगडतात, ती सांगतो. जुन्या कन्नडातला आद्य ‘प’ दहाव्या शतकानंतर हळूहळू ‘ह’ झाला. दुधाला आज कन्नडात हालु म्हणतात, जुन्या कन्नडात ते पालु होते आणि तेलुगूत आजही पालुच आहे. दहाला हत्तु, पूर्वी पत्तु. ‘पळ्ळि’ ची ‘हळ्ळि’ झाली. पानुंगल चे हानगल झाले, पंपेची हंपी. हेच आपल्या जिल्ह्यात पाहा. खानापूर तालुक्यातली हलशी ही पाचव्या शतकातल्या कदंबांच्या ताम्रपटांत ‘पलाशिका’ आहे, पुढे ‘पलसिगे’, नंतर ‘हलसिगे’, आणि आज हलशी. सौंदत्तीजवळची हूली ही शिलालेखांत ‘पूली’ आहे. गोकाक तालुक्यातले कल्होळी हे रट्टांच्या लेखात ‘कल्पोळे’ आहे. तिथे ‘प’ शब्दाच्या मध्ये असूनही ‘ह’ झाला, कारण ते दोन शब्द जोडून झालेले नाव. ही नावे कोणी बदललेली नाहीत. ती बोलता बोलता बदलली, आठशे-हजार वर्षांत. त्यांना ‘मूळ नाव’ आणि ‘बदललेले नाव’ अशा रकान्यांत बसवले की वाचकाला वाटते, कोणा सुलतानाने किंवा सरकारने हुकूम काढून पलाशिकेची हलशी केली.

हा नियम उलटा मात्र लावू नये. ‘ह’ ने सुरू होणारे प्रत्येक गाव पूर्वी ‘प’ ने सुरू होत होते असे नाही. हिंडलगा, हुक्केरी अशा नावांपुढे केवळ अंदाजाने ‘प’ घालून जुने नाव तयार करणे म्हणजे बनावट दस्त करण्यासारखेच आहे. दगडावर किंवा ताम्रपटावर ते रूप सापडले पाहिजे, तरच लिहावे.

अर्थाबद्दलही तेच. हलशीचे नाव पळसावरून आले असे आपण मराठी माणसे पटकन म्हणतो, कारण महाराष्ट्रात पळशी नावाची गावे पुष्कळ. ताम्रपट संस्कृतात असल्याने ‘पलाश’ शब्दही जुळतो. पण कन्नडात फणसाला हलसु म्हणतात, जुन्या कन्नडात पलसु. फणसाची झाडे खानापूरच्या रानात आहेत, पळसही आहे. ‘प’ चा ‘ह’ होण्याचा नियम दोन्ही अर्थांना सारखाच लागू पडतो. म्हणून छापताना ‘पाचव्या शतकातील ताम्रपटात पलाशिका’ एवढे छापावे. पळस की फणस याचा निकाल शीर्षकात लावू नये. निपाणीला ‘पाणी नसलेले’ ठरवणाऱ्या गोष्टींनाही हाच नियम लावावा.

दोन गावांचे नाव एक असले की घोटाळा आणखी वाढतो. कोन्नूर दोन आहेत. गोकाकजवळचे कोन्नूर शिलालेखांत ‘कोंडनूर’ आहे, तर नरगुंद भागातल्या कोन्नूरचे राष्ट्रकूटकालीन नाव ‘कोलनूर’. दोन्हींचे आजचे नाव एक झाल्याने एकाचा लेख दुसऱ्याच्या नावावर सर्रास छापला जातो. खानापूर आपल्याकडेही आहे आणि सांगली जिल्ह्यातही. बागेवाडी म्हणजे बेळगाव तालुक्यातली हिरेबागेवाडी की विजापूर जिल्ह्यातली बसवन बागेवाडी, हे जुन्या कागदात नुसते ‘बागेवाडी’ असले तर तालुका पाहिल्याशिवाय कळत नाही.

विजापूरबद्दल थोडक्यात. चालुक्यकाळात विजयपूर, मराठीत विजापूर, इंग्रजीत बिजापूर, औरंगजेबाने १६८६ मध्ये घेतल्यावर मोगल नाण्यांवर ‘दार-उल्-जफर’ ही पदवी, आणि २०१४ पासून सरकारी नाव विजयपुर. पण कागद शोधणाऱ्याला यांपैकी कशाचीच गरज नसते. त्याला लागते ते ‘कलादगी’. १८६४ मध्ये जिल्हा झाला तो कलादगी जिल्हा म्हणून. १८८५ मध्ये मुख्य ठाणे विजापूरला गेले आणि जिल्ह्याचे नाव बदलले. त्याआधीच्या वीस वर्षांचा कागद ‘विजापूर जिल्हा’ म्हणून मागितला तर दप्तरात सापडणार नाही. एवढी साधी गोष्ट कोणत्याही तक्त्यात नसते.

बेळगावच्या पत्त्याचेही तसेच आहे. १८३६ पर्यंत बेळगाव वेगळा जिल्हा नव्हताच, तो धारवाड कलेक्टरीत होता. तिथपासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत जिल्हा बेळगाव, आधी मुंबई इलाखा आणि नंतर मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य. १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक. १ नोव्हेंबर २०१४ पासून इतर अकरा शहरांबरोबर सरकारी नाव बेळगावी. घर तेच, गल्ली तीच, पण कागदावर पाच-सहा वेगवेगळे मथळे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग कोल्हापूरला जोडला. म्हणून चंदगडच्या माणसाच्या १९५६ पूर्वीच्या दाखल्यावर ‘जि. बेळगाव’ असणे ही चूक नव्हे. ती दुरुस्त करून घेण्याच्या नादाला कोणी लागू नये.

तालुक्यांची नावेही ठाण्यांपेक्षा वेगळी असत. बैलहोंगलचा कागद ‘तालुके संपगाव’ मध्ये, सौंदत्तीचा ‘तालुके परसगड’ मध्ये. परसगड हा तिथला किल्ला. त्याचे नाव तालुक्याला होते, पण कचेरी सौंदत्तीत. उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात आज जोयडा तालुका म्हणतात तो पूर्वीचा सुपा. सुपा गावच काळी नदीच्या धरणाखाली गेले, त्यामुळे तिथे जाऊन विचारायलाही गाव उरले नाही. सुपा तालुक्यातल्या जुन्या नोंदी जोयड्याच्या नावाने मागितल्या तर मिळत नाहीत.

संस्थानी गावे तर वेगळेच प्रकरण. शहापूर आज बेळगाव शहराचा भाग आहे, पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होते. मधला रस्ता ओलांडला की राज्य बदलत असे. शहापूरच्या जुन्या वाड्याचा दस्त बेळगावच्या कचेरीत नसेल तर तो हरवलाच असे समजू नका, तो सांगली संस्थानच्या दप्तरात शोधायचा. रायबाग कोल्हापूर संस्थानात होते, त्याचा शोध कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात घ्यायचा. रामदुर्ग स्वतःच संस्थान होते.

हे कागद हाती आले की मोडी आणि कालगणना आडवी येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द सलग लिहितात, त्यामुळे गावाचे नाव कुठे संपले आणि पुढचा शब्द कुठे सुरू झाला हे नवख्याला कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे आधी ‘मौजे’ किंवा ‘कसबे’ हा शब्द शोधायचा. त्याच्या लगेच पुढे गावाचे नाव असते आणि त्यापुढे बहुधा तर्फ, परगणा किंवा तालुका. ‘मौजे’ खेड्याला, ‘कसबे’ बाजारपेठेच्या मोठ्या गावाला. नावापुढे ‘बु॥’ असेल तर बुद्रुक, ‘खु॥’ असेल तर खुर्द. ही अक्षरे गावाच्या नावातच मिसळून वाचण्याची चूक फार होते.

वर्षाचे हिशेब तीन. शालिवाहन शकात साधारण ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंत ७९. फसली सनात (महसुली वर्ष) जून ते डिसेंबर ५९० आणि पुढे ५९१. सुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतले वर्ष) जून ते डिसेंबर ५९९ आणि पुढे ६००. फसली आणि सुहूर दोन्ही मृगापाशी, जूनमध्ये सुरू होतात. सुहूर सन पुष्कळदा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे समानीन मया व अलफ’ म्हणजे एक, ऐंशी, शंभर आणि हजार, मिळून ११८१, म्हणजेच १७८०-८१. फसली आणि सुहूर यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. एकाच्या जागी दुसरा धरला की कागद नऊ वर्षे पुढे-मागे होतो आणि पेशवा, सरदार, संस्थानिक सगळेच चुकतात.

आता जमिनीच्या संगणकीय उताऱ्याकडे येऊ, कारण रोजचा त्रास तिथे आहे. उतारा काढताना जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्वे नंबर, सर्नोक आणि हिस्सा नंबर या क्रमाने निवड करावी लागते. होबळी म्हणजे तालुक्यातला गावांचा गट. हा म्हैसूरकडचा शब्द, १९५६ नंतर आपल्याकडे आला. मुंबई राज्यातल्या जुन्या कागदावर होबळी नसतेच. त्यामुळे मुंबईत किंवा पुण्यात राहणारा वारस जुना कागद समोर ठेवून बसतो आणि तिसऱ्याच पायरीवर अडतो. त्याने आधी गाव कोणत्या होबळीत मोडते ते शोधून घ्यावे. खानापूर तालुक्यात जांबोटी, बिडी, गुंजी अशा होबळ्या आहेत, बेळगाव तालुक्यात काकती, उचगाव, हिरेबागेवाडी. दुसरी अडचण ‘सर्नोक’ ची, म्हणजे सर्वे नंबराला जोडून येणाऱ्या खुणेची. तिथे बहुतेक वेळा नुसती चांदणीची खूण असते, तीच निवडायची. ती रिकामी जागा समजून लोक परत फिरतात.

गावांची यादी कन्नडात असते आणि ती कन्नड वर्णमालेच्या क्रमाने लागते. कन्नडात ‘ए’ आणि ‘ओ’ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन दोन रूपे आहेत, देवनागरीत एकेकच. ‘बेळगावी’ असे आपण लिहितो त्यातला ‘बे’ कन्नडात ऱ्हस्व आहे, शेवटचा ‘वि’ ही ऱ्हस्व. मराठी नियमाप्रमाणे आपण शेवटी दीर्घ लिहितो. ते देवनागरी नाव यंत्राने पुन्हा कन्नडात घातले की दीर्घ ‘बे’ आणि दीर्घ ‘वी’ होते, आणि यादीत असे गावच सापडत नाही. येळ्ळूर आपण दोन तऱ्हांनी लिहितो, येळ्ळूर आणि यळ्ळूर. शोध घेताना दोन्ही रूपे घालून पाहावीत. आणि नाव सापडले तरी खात्री सर्वे नंबरानेच करावी. नावांच्या मानाने सर्वे नंबर फार कमी बदलतो. बदलतो तो पोटहिस्सा, किंवा गाव शहरात गेले की सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर लागतो.

कंग्राळीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. गावे दोन, कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द. बुद्रुक म्हणजे मोठे, मूळ फारसी ‘बुजुर्ग’. खुर्द म्हणजे लहान. इंग्रजी नोंदीत त्यांचे ‘बी. के.’ आणि ‘के. एच.’ झाले. कन्नड नोंदीत ही इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी आली. पुढे मराठी पाट्यांवरही ‘कंग्राळी बी. के.’ लिहू लागले. आज तरुण मुलांना ती कोणाच्या तरी नावाची आद्याक्षरे वाटतात. जुन्या मोडी कागदात ‘कंग्राळी बु॥’, नव्या उताऱ्यात ‘बी. के.’, आणि हे दोन्ही एकच गाव हे सिद्ध करायला वारसाला प्रतिज्ञापत्र करावे लागते. इतका जुना, अर्थ असलेला शब्द दोन अक्षरांत मिटला, याचे मनापासून वाईट वाटते. बुद्रुक आणि खुर्द पूर्ण लिहायला जागा किती लागते?

ज्यांच्या दाखल्यावर जुने नाव आहे त्यांच्यासाठी एक सूचना. नावबदलाआधी दिलेला दाखला नावबदलाने खोटा ठरत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा जन्मदाखल्यावर पेनाने ‘बेळगावी’ लिहून घेऊ नका. खाडाखोड झालेला दाखला कोणतीही कचेरी नाकारते. कोणी हरकत घेतली तर नावबदलाच्या सरकारी अधिसूचनेची प्रत जोडावी आणि अर्जात दोन्ही नावे एका ओळीत लिहावीत. रेल्वे स्थानकाचा संकेत आजही ‘बीजीएम’ आहे, विमानतळाचा ‘आयएक्सजी’. नाव बदलले म्हणून हे संकेत बदललेले नाहीत. तिकिटावर तो दिसला म्हणून घाबरू नये.

संपादक महाशय, आपल्याकडे मागणे दोन आहे. पहिले हे की, गावाचे जुने नाव छापाल तेव्हा ‘मूळ’ हा शब्द गाळावा आणि नाव, शतक, आधार या तीन गोष्टी द्याव्यात. ‘हलशी: पलाशिका (५ वे शतक, कदंब ताम्रपट)’ एवढे पुरेसे आहे. पलाशिकेच्याही आधी तिथे वस्ती असेल, तिचेही काही नाव असेल. ‘मूळ’ म्हणण्याचा अधिकार कोणत्याच कागदाला नाही. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला बेळगावचा एकविसावा खंड या कामी फार उपयोगी पडतो. मात्र त्यातली व्युत्पत्ती जशीच्या तशी उचलू नये. आधी तिथे दिलेला शिलालेख पाहावा, मग अर्थ.

दुसरे मागणे जाहीर नोटिसांचे, आणि ते अधिक तातडीचे आहे. जमिनीच्या खरेदीआधी वकील ‘कोणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावे’ अशी नोटीस आपल्याकडे छापायला देतात. त्यात गावाचे नाव नव्या उताऱ्यातून जसेच्या तसे घेतलेले असते. कोल्हापुरात, पुण्यात, मुंबईत असलेला भाऊबंद ती वाचतो आणि पुढे जातो, कारण त्याच्या घरातल्या कागदावर ते नाव नाही. मुदत संपते, खरेदी होते, आणि मग कोर्टात वर्षे जातात. जाहिरात विभागाने नोटीस घेतानाच वकिलाकडून आणखी एक ओळ मागून घ्यावी. ती अशी असावी: ‘मौजे कंग्राळी बुद्रुक (उताऱ्यात कंग्राळी बी. के.), ता. व जि. बेळगाव (बेळगावी), सर्वे नं. अमुक, हिस्सा नं. अमुक, सीटीएस नं. असल्यास अमुक’. बैलहोंगल भागातली असल्यास ‘जुना तालुका संपगाव’, सौंदत्तीची असल्यास ‘जुना तालुका परसगड’, शहापूरची असल्यास ‘पूर्वी सांगली संस्थान’, रायबागची असल्यास ‘पूर्वी कोल्हापूर संस्थान’. वीस-पंचवीस शब्दांची ही ओळ आहे. नोटिशीचा दर शब्दांवर असेल तर एवढ्या ओळीपुरती सवलत द्यावी, ही कळकळीची विनंती.

कळावे,
आपला,
एक मोडी वाचक
शहापूर, बेळगाव